पंधरा हजारांत दुर्बीण घ्यायचीय? आधी हे ऐका

आजचा भाग एका व्हॉट्सॲप मेसेजमुळे सुचलाय.

माझी एक मामेबहीण आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते, संध्याकाळी शाळेतल्या पोरांच्या शिकवण्या घेते. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला, "दादा, पंधरा हजार जमलेत. आकाश बघायचंय, फोटो पण काढायचेत. ही दुर्बीण घेऊ का?" आणि खाली एका शॉपिंग ॲपची लिंक. उघडून बघितली तर खोक्यावर जांभळा-गुलाबी तेजोमेघ आणि त्याच्यावर ठळक अक्षरांत '525 पट मोठं दिसेल'.

मी लगेच व्हॉइस नोट पाठवली, "थांब. कार्टमध्ये राहू दे, पैसे भरू नकोस." कारण तसाच खोका मी एकदा घेतलेला आहे. आणि त्यात पैशांपेक्षा मोठं काहीतरी गमावलंय. ते आधी सांगतो, मग दुर्बिणीकडे येऊ.

2019 ची गोष्ट. इंजिनिअरिंग संपवून मी नुकताच हिंजवडीत नोकरीला लागलो होतो. दिवाळीला साताऱ्याकडच्या आमच्या गावी जाताना दुर्बीण घेऊन गेलो. कुणासाठी? आजीसाठी. आजी दर शनिवारी मारुतीला तेल वाहायची, रुईच्या पानांची माळ घालायची, साडेसातीला घाबरायची. पण तिनेच मला एकदा विचारलं होतं, "त्या शनीला खरंच कडं असतं का रे? का नुसतं पुस्तकात?"

पाडव्याच्या रात्री दुर्बीण घराच्या स्लॅबवर लावली. अमावास्येच्या लगतची रात्र, आकाश काळंभोर, नैऋत्येला शनी छान वर. आजी शाल गुंडाळून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेली. मी काय केलं? खोक्यावर 525 लिहिलंय ना, मग 525 च लावायचं. सगळ्यात छोटा आयपीस, त्याच्यामागे तीन पटींचं बार्लो भिंग. झालं! नळीला बोट लागलं की सगळं आकाश नाचायचं. शनी सापडायचा, थरथरायचा, दोन सेकंदांत निघून जायचा. तासभर झटापट केली. आजीने डोळा लावला, म्हणाली, "काय तरी पांढरं हललं बघ." मग थोड्या वेळाने म्हणाली, "असू दे रे. माझ्याच डोळ्यात मोतीबिंदू झालाय, मला नाय दिसायचं."

दोष दुर्बिणीचा होता, त्याहून जास्त माझा होता, आणि तिने तो स्वतःच्या डोळ्यांवर घेतला. 2021 मध्ये आजी गेली.

पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं की त्याच खोक्यात 20 मिलिमीटरचा एक आयपीस पडून होता. तो लावला असता तर 35 पट मोठं दिसलं असतं. छोटंसं दिसलं असतं, पण कडं दिसलं असतं. त्या वर्षी शनीची कडी आपल्या बाजूला चांगली कललेलीही होती. म्हणून आज हे सगळं नीट सांगतोय. तुमच्याकडेही कुणीतरी शाल गुंडाळून बसलेलं असेल.

तर पहिली गोष्ट, 'किती पट'. हा दुर्बिणीचा गुण नाहीच. हा साधा भागाकार आहे. दुर्बिणीची फोकल लेन्थ भागिले आयपीसची फोकल लेन्थ. माझी दुर्बीण 700 मिलिमीटरची. 20 चा आयपीस लावला तर 35 पट. 4 चा लावला तर 175 पट. त्याला तीन पटींचं बार्लो जोडलं की 525. म्हणजे आकडा खोटा नाही. फक्त निरुपयोगी आहे. मोबाइलमधला फोटो दोन बोटांनी खेचत गेलात तर मोठा होतोच की! पण धूसर होतो. दुर्बिणीचंही तेच. ढोबळ नियम असा, की समोरच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट पटींपर्यंतच काहीतरी अर्थ आहे. 60 मिलिमीटरला 120. तेही हवा शांत असेल तर. दिवसभर तापलेल्या स्लॅबवरून गरम हवा वर येत असते, त्यात बरेचदा तेवढंही मिळत नाही. त्यामुळे ज्या खोक्यावर सगळ्यात ठळक गोष्ट 'इतके पट' ही आहे, तो खोका खाली ठेवा.

मग बघायचं काय? व्यास. म्हणजेच ॲपर्चर. दुर्बीण ही प्रकाश गोळा करणारी बादली आहे असं समजा. पावसात वाटी ठेवली आणि घमेलं ठेवलं तर पाणी कशात जास्त जमेल? आणि हे व्यासाच्या वर्गाने वाढतं. 60 मिलिमीटरच्या तुलनेत 130 मिलिमीटरचा आरसा साधारण पावणेपाचपट प्रकाश गोळा करतो. अंधुक गोष्टी दिसणं आणि बारकावे वेगळे दिसणं, दोन्ही यावरच ठरतं.

भिंगाची दुर्बीण की आरशाची? भिंगाची सोपी. उचलली, लावली, बघितलं. स्वस्त असेल तर चंद्राच्या कडेला जांभळी किनार दिसते, चालतं तेवढं. आरशाची दुर्बीण त्याच पैशात मोठा व्यास देते, पण तिचे आरसे अधूनमधून एका रेषेत आणावे लागतात. याला कॉलिमेशन म्हणतात. पहिल्या वेळी घाम फुटतो, तिसऱ्या वेळी पाच मिनिटांचं काम. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर दोन्हींना बुरशीचा धोका. दुर्बीण ओली असताना झाकण लावू नका, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

आता तो भाग, ज्याकडे कुणी बघत नाही. स्टँड. म्हणजे माउंट. माझ्या त्या रात्रीची निम्मी वाट या स्टँडने लावली. कारण असं आहे, पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. शंभर पटींच्या आसपास तुम्हाला साधारण अर्धा अंश आकाश दिसतं. म्हणजे मधोमध आणलेला ग्रह एका मिनिटात बाहेर! दर मिनिटाला नळी हळूच ढकलावी लागते, आणि ढकलल्यावर स्टँड दहा सेकंद थरथरत असेल तर बघणार कधी?

स्वस्तात इक्वेटोरियल माउंट मिळतं, दिसायला एकदम सायंटिस्ट. त्याला ध्रुवताऱ्याच्या दिशेने जुळवावं लागतं. आता गंमत बघा. ध्रुवतारा आपल्या अक्षांशाइतकाच उंच असतो. पुण्यात साडेअठरा अंश. इतक्या खाली उत्तरेला काय असतं? समोरची सोसायटी. शिवाय काही स्वस्त माउंट इतक्या कमी कोनात आणली की वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडतो. त्यामुळे नवख्या माणसाने साधं वर-खाली, डावी-उजवी फिरणारं माउंट घ्यावं.

आणि त्यातलं सगळ्यात भारी म्हणजे डॉब्सोनियन. जॉन डॉब्सन नावाचा माणूस वेदान्त मठात 23 वर्षं संन्यासी होता. खिशात पैसा नाही, आणि लोकांना आकाश दाखवायची हौस! जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लायवूडची पेटी. 1967 मध्ये त्याला मठ सोडावा लागला. 1968 पासून तो आणि त्याची मंडळी फूटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोलवायला लागली. आज जगभर नवख्यांना सुचवली जाते ती दुर्बीण याच फुकट्या फूटपाथवाल्या डिझाइनची. पेटीवर नळी, बस. थरथर नाही.

बरं, आता बजेट. किमती सतत बदलतात, म्हणून मी आकडे अंदाजेच सांगतोय.

शून्य रुपये. फोनमध्ये स्टेलेरियम ॲप टाका आणि महिनाभर नुसत्या डोळ्यांनी बघा. मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका, सप्तर्षी, शर्मिष्ठा ओळखता यायला हवेत. रस्ता माहीत नसेल तर गाडी घेऊन काय उपयोग? आणि कुणाच्या तरी दुर्बिणीतून एकदा तरी बघून या. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे. मुंबईकडे खगोल मंडळाचे वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम होतात. तिथे दोन तास घालवलेत की तुमचे पाच हजार वाचतील.

पाच ते दहा हजार. 10 गुणिले 50 चं बायनॉक्युलर. 10 पट आणि 50 मिलिमीटरची भिंगं. चंद्रावरची मोठी विवरं, गुरूचे चार चंद्र, कृत्तिकांचा झगमगाट, मृगातला तेजोमेघ, अंधाऱ्या जागी देवयानी दीर्घिका. तिचा जो प्रकाश डोळ्यात शिरतो, तो साधारण 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो. हात भिंतीला किंवा खुर्चीच्या हाताला टेकवा. शनीचं कडं मात्र यात दिसत नाही, हे आधीच सांगतो.

दहा ते पंधरा हजार. साध्या माउंटवरची 70 मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण. शनीचं कडं, गुरूचे पट्टे, चंद्र तर विचारूच नका.

वीस-पंचवीस हजार आणि पुढे. 114 किंवा 130 मिलिमीटरची टेबलावर ठेवायची डॉब्सोनियन. मी 2022 मध्ये हीच घेतली. त्याच्याही पुढे जमलं तर सहा इंची डॉब्सोनियन. ती आयुष्यभर पुरेल.

घेताना तीन गोष्टी तपासा. आयपीस सव्वा इंची आहेत का? त्याहून बारीक असतील तर पुढे चांगले आयपीस लागणारच नाहीत. दोन, आरशाची उघडी नळी जेमतेम अर्धा मीटर आणि फोकल लेन्थ मात्र 1000 मिलिमीटर लिहिलीय का? मग आत एक जादाचं भिंग कोंबलेलं असतं. स्वस्तात ते बहुतेक वेळा चित्र बिघडवतं. सोडून द्या. तीन, आयपीसवर बसवायचा सूर्याचा फिल्टर सोबत फुकट मिळतोय का? तो कचऱ्यात टाका. गंमत नाही करत. सगळं ऊन एकवटतं त्या जागी ती छोटी काच असते, ती तडकू शकते. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळे जळताना समजतही नाही. 25 ऑक्टोबर 2022 ला संध्याकाळी खंडग्रास ग्रहण होतं. शेजारचे काका म्हणाले, "लाव की दुर्बीण, बघू." मी नाही म्हटलं. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून भिंतीवर चावलेल्या चकलीसारखा सूर्य दाखवला. काका नाराज झाले, पण त्यांचे डोळे शाबूत आहेत. सूर्य बघायचाच तर दुर्बिणीच्या तोंडावर पूर्ण बसणारा प्रमाणित फिल्टर, नाहीतर अजिबात नाही.

आता फोटो. इथे मला थोडं कडू बोलावं लागणार. पंधरा हजारांत डोळ्यांनी बघायची चांगली दुर्बीण मिळते. तेजोमेघांचे रंगीत फोटो काढणारी दुर्बीण मिळत नाही. ते दोन वेगळे छंद आहेत. खोक्यावरचे जांभळे रंग कॅमेऱ्याने तासनतास प्रकाश साठवून मिळवलेले असतात. अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत, म्हणून दुर्बिणीतून तेजोमेघ राखाडी धुरासारखा दिसतो. हे आधी माहीत असेल तर तो धूरही सुंदर वाटतो. माहीत नसेल तर फसवल्यासारखं वाटतं.

पण सुरुवात जरूर करता येते. पायरी एक, हजारभर रुपयांचा मोबाइल अडॅप्टर आयपीसला लावा आणि चंद्र टिपा. पौर्णिमेला नको! पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, चंद्र भाकरीसारखा सपाट दिसतो. अष्टमीच्या आसपास बघा, प्रकाश-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांबच लांब पडलेल्या असतात. टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना हलणार नाही.

पायरी दोन, ग्रह. फोटो काढू नका, व्हिडिओ काढा. हवेमुळे प्रत्येक फ्रेम वेगळी थरथरते. ऑटोस्टॅकर्टसारखं मोफत सॉफ्टवेअर त्यातल्या चांगल्या फ्रेम निवडून एकावर एक रचतं. हे आम्हा इंजिनिअर लोकांचं आवडतं गणित आहे. 100 फ्रेमची सरासरी घेतली की नॉइज दहावा हिस्सा उरतो. वर्गमूळ, बाकी काही नाही.

पायरी तीन, आकाशगंगेचा पट्टा. याला दुर्बीण लागतच नाही. फोन ट्रायपॉडवर, प्रो मोड, 15 ते 20 सेकंदांचं एक्सपोजर. त्याहून जास्त ठेवलंत तर तारे रेघा होतात, पृथ्वी फिरतेय ना.

त्यापुढे तेजोमेघ आणि दीर्घिका. त्याला मोटरवर ताऱ्यांचा पाठलाग करणारं माउंट लागतं, किंवा हल्लीच्या स्मार्ट दुर्बिणी. त्या स्वतःच तारे शोधतात, फोटो रचतात आणि चित्र फोनवर पाठवतात. पण त्यांना डोळा लावायची जागाच नसते, आणि किंमत माझ्या बहिणीच्या बजेटच्या तिप्पट-चौपट. आणि हो, घरी डीएसएलआर असेल तर लगेच दुर्बिणीला जोडायला जाऊ नका. बऱ्याच स्वस्त आरशाच्या दुर्बिणींत फोकस कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही. त्यापेक्षा 50 मिलिमीटरची लेन्स लावून साध्या ट्रायपॉडवरून मृग टिपा.

शेवटची गोष्ट फुकट आहे. अंधार. शहरातल्या मोठ्या दुर्बिणीपेक्षा गावातलं बायनॉक्युलर देवयानी जास्त चांगली दाखवतं. कालनिर्णयात अमावास्या बघा आणि एसटी पकडा. विदर्भातल्या मंडळींची तर मजाच आहे, जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. आणि कृपया जूनमध्ये दुर्बीण घेऊ नका. चार महिने ढग बघत बसाल. दसऱ्यानंतर घ्या.

आता ते राहिलंच. 2022 च्या दिवाळीत नवीन दुर्बीण त्याच स्लॅबवर, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर ठेवली. आधी 25 चा आयपीस लावला. 26 पट. मग 10 चा. शनी मधोमध, कडं अगदी स्वच्छ. आईला हाक मारली. ती आधी हात जोडून उभी राहिली, "शनीकडे बघू नये म्हणतात रे." मी म्हटलं, "बघ तर." तिने डोळा लावला आणि बराच वेळ हललीच नाही. मीच मधूनमधून नळी सरकवत होतो. मग म्हणाली, "अगं बाई, हे तर चिकटवल्यासारखं दिसतंय!" आणि मग हळूच, "आत्यांना दाखवायला पाहिजे होतं." आई आजीला आत्या म्हणायची. मी काही बोललो नाही. काय बोलणार?

तर बहिणीला मी एकच प्रश्न विचारला, "तुला नक्की काय करायचंय?" तासाभराने उत्तर आलं, "शिकवणीच्या पोरांना चंद्र दाखवायचाय. त्यांच्या मोबाइलवर फोटो काढून द्यायचेत." बघा, प्रश्न नीट विचारला की उत्तर सोपं होतं. 70 मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण, साधं माउंट, एक मोबाइल अडॅप्टर. पंधरा हजारांत बसतं, आणि एका हातात उचलून गच्चीवर नेता येतं. तेजोमेघांचे फोटो नंतर कधीतरी.

तिला अजून एक सांगितलंय, ते तुम्हालाही. मार्च 2025 मध्ये शनीची कडी आपल्याला अगदी आडवी, रेघेसारखी झाली होती. आता ती हळूहळू परत उघडत जातील आणि 2032 च्या सुमारास सगळ्यात जास्त उघडी दिसतील. त्यामुळे पहिल्यांदा बघताना कडं बारीक दिसलं तर दुर्बिणीला शिव्या देऊ नका. दरवर्षी बघत राहा. आणि सुरुवात नेहमी सगळ्यात मोठ्या आकड्याच्या आयपीसने करा. 20 किंवा 25. खोक्यावर काहीही लिहिलेलं असू दे.

तुमच्या घरी माळ्यावर एखादी 525 पटवाली दुर्बीण धूळ खात पडली असेल, तर तीही खाली काढा. चंद्र दाखवायला ती अजून पुरेशी आहे. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी दाखवा, नातवंडांना नंतर.

चला, भेटू पुढच्या भागात. आकाश निरभ्र राहो!